आपलं आपल्याशी पटणं

संध्याकाळी सात वाजता ती खोलीवर येते. आत पाऊल टाकलं की आधी ट्यूबलाइट, मग टीव्ही, मग पंखा, याच क्रमाने बटणं दाबली जातात. मालिका कुठली चालू आहे हे तिला सांगता येणार नाही. आवाज हवा, बस. भाजी चिरताना बहिणीशी फोन, जेवताना रील्स, झोपताना कानात कुणाचं तरी प्रवचन. मधेच लाइट गेली तर ती दार उघडून जिन्यात जाऊन उभी राहते. का, असं विचारलं तर म्हणते, "घर खायला उठतं."

ही बाई कुणी एक नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून तीन-चार जणींच्या गोष्टी एकत्र करून मी तिला उभी केली आहे. नऊ वर्षं मारहाणीच्या संसारात काढून ती बाहेर पडली. आता नोकरी आहे, भाड्याची खोली आहे, आणि नवरा कोर्टाच्या तारखेखेरीज दिसत नाही. बाहेरचा धोका बराचसा टळला आहे. तरी स्वतःच्याच खोलीत वीस मिनिटं नुसतं बसणं तिला जमत नाही.

घर खायला उठतं असं आपण एरवी घरातलं माणूस गेल्यावर म्हणतो; घर रिकामं झालेलं असतं म्हणून. हिच्या घरात मात्र एक माणूस आहे, आणि ते म्हणजे ती स्वतः. त्याच माणसाशी गाठ पडू नये म्हणून ही ट्यूबलाइट आणि हे प्रवचन.

लिसा मॅकॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली आघात सोसलेल्या प्रौढांविषयी एक पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी अशी : आघाताचा घाव माणसाच्या काही मूलभूत गरजांवर बसतो. त्यांतल्या पाच इथे घेते : सुरक्षितता, विश्वास, ताबा, मान आणि जवळीक. यातली प्रत्येक गरज दोन तोंडांची असते, एक दुसऱ्यांकडे वळलेलं आणि एक स्वतःकडे. लोकांवर विश्वास ठेवता येतो का, तसंच माझ्या निर्णयावर माझा विश्वास आहे का. लोक मला मान देतात का, तसंच मी मला देते का. त्याच न्यायाने जवळीकही दोन प्रकारची. दुसऱ्याशी, आणि आपली आपल्याशी.

या मांडणीवर आधारलेले काही तक्ते मराठीत आणायला मी एका समुपदेशक मैत्रिणीला मदत करत होते, तेव्हा पहिली ठेच इथेच लागली. 'स्वतःशी जवळीक' असं लिहिलं आणि दोघींनाही हसू आलं. वर्तमानपत्रांनी या शब्दाचं काय करून ठेवलं आहे पाहा : 'जवळीक साधून फसवणूक'. 'आत्मीयता' म्हटलं की लग्नपत्रिका आठवते. शेवटी तक्ते भरणाऱ्या एका बाईनेच शब्द दिला. ती म्हणाली, "म्हणजे माझं माझ्याशी पटतं का, असंच ना?" पटणं. सासू-सुनेचं पटतं तसं, आणि एखादी गोष्ट पटते तसंही. तक्त्यावर तोच शब्द राहिला.

आपलं आपल्याशी पटतं म्हणजे नेमकं काय? मॅकॅन-पर्लमन यांच्या उत्तराचा गाभा मी माझ्या शब्दांत सांगते. भावनेचा लोंढा आला तरी त्यात वाहून न जाता तिला सोसता येणं. एकटं असताना एकाकी न वाटणं. जीव घाबरा झाला तर त्याला आपणच शांत करू शकणं. आणि स्वतःची घृणा वाटली तर तिला आवर घालता येणं. यात पुण्यवान असण्याची, आनंदी असण्याची किंवा स्वतःवर 'प्रेम' करण्याची अट नाही. बऱ्या शेजाऱ्याशी असतं तेवढं सख्य आपलं आपल्याशी असलं तरी भागतं.

ही क्षमता कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली एका निबंधात एक गमतीचं विधान केलं : मूल एकटं राहायला शिकतं ते कुणाच्या तरी सोबतीत. आई सुपात तांदूळ निवडत बसली आहे. शेजारी तीन वर्षांचं पोर डबे रचतंय, पाडतंय. आई त्याच्याकडे बघत नाही, शिकवत नाही, वाहवाही करत नाही. पण ती तिथे आहे. त्या निर्धास्तपणात पोराला स्वतःचं कुतूहल, स्वतःचा कंटाळा, स्वतःची मजा यांची ओळख होते. पुढे आई उठून गेली तरी तिचं तिथे असणं आत कुठेतरी शिल्लक राहतं. ज्या घरात त्या वयात दाराच्या कडीचा आवाज आला की पोटात गोळा येत होता, तिथे ही ओळख मुळात नीट झालेलीच नसते. म्हणून लहानपणी पोळलेल्यांना हे सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, तर मोठेपणी आघात झालेल्यांना विसरलेलं आठवायचं असतं. मोठेपणी पोळलेल्यांचं काम सोपं असतं असं नाही, पण त्यांच्याकडे आठवायला काहीतरी असतं.

मग हे पटणं मोडतं कसं?

पहिली गोष्ट, शांततेची भीती. आघाताची आठवण साध्या आठवणीसारखी वागत नाही. बोलावल्यावर धड येत नाही, आणि न बोलावता वास, आवाज, रिक्षाचा हॉर्न अशा कशावरही स्वार होऊन येते. मन कामात गुंतलेलं असतं तोवर तिला वाव कमी. निवांत झालं की दार उघडं. म्हणून माणूस निवांतपणच टाळतो. टाळल्याने त्या रात्रीपुरतं बरं वाटतं, आणि हाच सापळा आहे; कारण शांततेत बसूनही आपल्याला काही होत नाही, हे कळायची संधी टाळण्यातच निघून जाते. दहा वर्षांनीही टीव्ही चालूच राहतो.

मेंदूचे अभ्यासकही याच्या आसपास पोचले आहेत. आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदूचे काही भाग एकमेकांशी ताल धरून काम करतात. मार्कस रेकल यांच्या गटाने २००१ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. आपण रिकामे बसलो की स्वतःबद्दल, गेल्या दिवसांबद्दल, उद्याबद्दल जे मनात फिरत राहतं, त्याच्याशी हे भाग जोडलेले आहेत. लहानपणापासून आघात सोसलेल्या स्त्रियांमध्ये हा ताल विस्कळीत दिसतो, असं कॅनडातल्या रूथ लेनियस यांच्या गटाला आढळलं. स्कॅनमधल्या रंगीत ठिपक्यांवरून माणूस वाचता येत नाही, हे मान्य. पण 'रिकामं बसवत नाही' हा आळशी किंवा नाटकी माणसाचा बहाणा नाही, एवढं तरी त्यावरून घरच्यांना सांगता येतं.

दुसरी गोष्ट बधिरपणाची. सोसवत नाही म्हणून मन आतल्या आवाजांची पातळी खाली आणतं, पण दुःखाचा आवाज कमी आणि आनंदाचा तेवढाच, अशी वेगवेगळी बटणं त्याच्याकडे नाहीत. सगळंच एकदम मंद होतं. आपल्या भावना ओळखता न येणं आणि त्यांना शब्द न सापडणं, या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७० च्या दशकात नाव दिलं. हेन्री क्रिस्टल या मनोविश्लेषकाने तीच गोष्ट नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांमध्ये पाहिली. तो स्वतः ऑश्विट्झमधून वाचलेला होता.

मराठीत यासाठी आपल्याकडे एक अचूक शब्दप्रयोग आहे : "कसंतरी होतंय." छातीत धडधडतंय, डोकं जड झालंय, हातापायांत त्राण नाही, आणि सगळ्याची बेरीज 'कसंतरी'. डॉक्टर ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो, अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते. याच्या जोडीला दुसरा शब्द, 'चालेल'. चहा कसा घेणार? कसाही चालेल. खिडकीशी बसतेस की आत? कुठेही चालेल. सभ्य मराठी माणूस दिवसातून वीसदा 'चालेल' म्हणतो, मीही म्हणते, तेव्हा त्याला लगेच रोग ठरवायला नको. पण नऊ वर्षं जिची आवड-नावड दुसऱ्याच्या मूडवर ठरली, तिच्या तोंडचं 'चालेल' वेगळं असतं. आपल्याला काय हवंय ते तिला खरंच माहीत नसतं. चुकीची आवड सांगितली की मार पडत होता, म्हणून आवड असणंच तिने बंद करून टाकलं. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत चिवट, ती म्हणजे निकाल. आत जी बसली आहे तिच्यावर खटला चालून निकालही लागलेला असतो. 'मी पहिल्याच वर्षी का निघाले नाही? माझंच काहीतरी चुकत असणार. जिने हे चालवून घेतलं तिची लायकी तीच.' आता असल्या बाईबरोबर एका खोलीत रात्र काढायची म्हटल्यावर कोण टीव्ही लावणार नाही?

ओळखीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. डॉर्थे बर्न्टसेन आणि डेव्हिड रुबिन यांनी २००६ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. एखादी घटना माणसाच्या आयुष्याच्या गोष्टीत किती मध्यभागी जाऊन बसली आहे, ती त्याच्या ओळखीचाच भाग झाली आहे का, हे ती मोजते. घटना जितकी मध्यभागी, तितकी आघाताची लक्षणं अधिक, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, दीर्घकाळच्या आघातातून येणाऱ्या गुंतागुंतीच्या विकाराला वेगळी जागा मिळाली. त्याच्या खुणांमध्ये दुःस्वप्नं आणि दचकणं तर आहेच, शिवाय 'मी हरलेली आहे, मी कवडीमोलाची आहे' हा पक्का झालेला समजही आहे. घटना बाईच्या आयुष्यात घडली होती. आता बाईच घटनेच्या आत राहायला गेली.

आता दुरुस्तीकडे. मी इथे एकाच पद्धतीचं आतलं काम दाखवते, कारण ती शेवटी या 'पटण्या'पाशीच येऊन थांबते. पॅट्रिशिया रेसिक यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसाठी ती आकाराला आणली. साधारण बारा बैठका. पहिल्या बैठकीनंतरचा गृहपाठ म्हणजे एक टिपण : हे माझ्या बाबतीत का घडलं असं मला वाटतं, आणि त्यामुळे स्वतःबद्दल, लोकांबद्दल, जगाबद्दलचे माझे समज कसे बदलले. घटनेचं वर्णन नको, फक्त 'का' आणि 'त्यामुळे काय'.

त्या टिपणातून अडकलेले विचार वेचून काढतात. मग रोजचा तीन रकान्यांचा कागद : काय झालं, मनात काय आलं, काय वाटलं. ऐकायला शाळकरी वाटतं. पण आमच्या बाईचा पहिल्या आठवड्यातला कागद डोळ्यांपुढे आणा. पहिला रकाना : 'ऑफिसात साहेब मोठ्याने बोलले.' दुसरा रिकामा. तिसरा : 'कसंतरी.' बस. समोरची समुपदेशक घाई करत नाही. ती विचारते, कसंतरी म्हणजे अंगात कुठे? घशात. आवळल्यासारखं की जळजळल्यासारखं? आवळल्यासारखं. भीती, राग, दुःख, लाज, यातलं कुठलं जवळचं? खूप वेळाने उत्तर येतं, "राग असेल का हो? मला राग येत नाही तसा." त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात 'राग' हा शब्द पेन्सिलीने लिहिला गेला, शेजारी प्रश्नचिन्ह घालून. दुसरा रकाना भरायला आणखी दोन आठवडे गेले : 'मी काहीतरी चुकवलं असणार.' त्यानंतर त्या वाक्याची उलटतपासणी. पुरावा काय? हे सवयीने म्हणते आहेस की घडलेल्या गोष्टीवरून? पहिल्या वर्षी निघाले नाही, पण तेव्हा हातात किती पैसे होते, माहेरी कोण काय म्हणालं होतं, पोलीस चौकीत काय उत्तर मिळालं होतं? आजची माहिती हाताशी धरून त्या वेळच्या बाईला दोषी ठरवणं न्यायाचं नाही. हे समुपदेशकाने तिच्यावतीने बोलून उपयोग नसतो. उलटतपासणी तिचीच, आणि पटायलाही तिलाच हवं.

इथे एक गैरसमज बाजूला करू. 'बोलून टाक, मोकळी हो' असा आपल्याकडे प्रेमळ आग्रह असतो. २००८ साली रेसिक यांच्याच गटाने या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. घटनेचं बारीकसारीक वर्णन लिहून काढण्याचा भाग वगळला, तरी स्त्रियांच्या बरं होण्यात उणं पडलं नाही. आपत्तीनंतर लगोलग सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याचा प्रकारही तपासून झाला आहे. त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. काय सांगायचं, कुणाला आणि कधी, हे तिच्या हातात राहू देणं हाच ताबा परत मिळण्याचा पहिला हप्ता.

विचारांची ही झाडाझडती झाली की शेवटच्या पाच बैठकांत त्या पाच गरजा एकेक करून येतात : सुरक्षितता, विश्वास, ताबा, मान आणि सगळ्यांत शेवटी जवळीक. हा क्रम उगाच नाही. जीव मुठीत असताना कुणी स्वतःशी गप्पा मारत नाही. माझा अंदाज बरोबर असू शकतो, माझा 'नको' टिकू शकतो, मी अगदीच वाईट नाही, एवढं हाताशी आल्यावरच आत डोकावायची हिंमत होते. या टप्प्यावरचा गृहपाठ वाचून मला आधी थोडं हसू आलं होतं. रोज स्वतःसाठी एक बरी गोष्ट करायची, तीही काही कमावल्याचं बक्षीस म्हणून नाही. आणि कुणी कौतुक केलं तर 'छे, कुठलं काय' न म्हणता ते घ्यायचं. आपल्या घरांत वाढलेल्या बाईला यातलं दुसरं अंगावर डोंगर घेण्याइतकं जड जातं.

एकांताचंही तसंच, मात्रेने घ्यायचं औषध आहे ते. कुणीतरी हमखास सुचवतं, "इगतपुरीला दहा दिवस जाऊन ये, मौन पाळ, सुटशील." ज्यांचं आतलं घर शाबूत आहे त्यांना दहा दिवसांचं मौन मानवतही असेल. पण शांतता हेच जिचं भय आहे, तिला एकदम दहा दिवस म्हणजे पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणंसुद्धा काहींना घाबरवतं, कारण श्वास आणि धडधड याच आघाताच्या वेळच्या खुणा असतात. मग डोळे उघडे ठेवायचे. हाताला काम द्यायचं, पण डोक्याला नाही : लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, कुंड्यांना पाणी. टीव्ही बंद, पाच मिनिटं, घड्याळ समोर. आठवण आली तर जमिनीवर पावलं दाबायची, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, आजची तारीख उच्चारायची. पाच मिनिटं झाली की टीव्ही लावायला पूर्ण परवानगी. ही परवानगी महत्त्वाची, कारण कोंडून घातलेलं एकटेपण तिने आधीच भरपूर पाहिलं आहे.

आणि खोलीच नसेल तर? दहा बाय बाराच्या घरात सहा माणसं असतात तिथे 'एकांत' म्हणजे न्हाणीघर किंवा लोकलमधली खिडकी. विनिकॉटचं सूत्र आठवा : सोबतीतही एकटं असता येतं. भरल्या घरात भाकरी थापताना कुणी मधे बोलत नाही, तेवढा वेळही पुरतो.

लिहिता-वाचता येत नसेल तरीही हे चालतं का, हा प्रश्न काँगोमध्ये सुटला. पूर्व काँगोतल्या युद्धात लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांसोबत हाच उपचार गटांत करून पाहिला गेला आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. तक्ते सोपे करून तोंडपाठ करवून घेतले. चालवणाऱ्या बाया तिथल्याच, थोडं शिक्षण आणि त्यावर प्रशिक्षण मिळालेल्या. आजूबाजूला अशांतता चालूच होती. तरी या गटांतल्या स्त्रियांचा त्रास, केवळ आधार मिळालेल्या स्त्रियांपेक्षा, स्पष्टपणे अधिक घटला. आपल्या आशाताई-अंगणवाडीताईंच्या महाराष्ट्रात या गोष्टीकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही, असं माझं मत आहे.

हे सगळं घरी बसून एकटीने करायचं म्हणून मी लिहिलेलं नाही. स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तास-दोन तास कुठे गेले ते आठवत नसेल, किंवा मारणारा माणूस अजून त्याच घरात असेल, तर आधी मदत आणि सुरक्षित छप्पर, तक्ते मागाहून. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

शेवटच्या बैठकीत पहिलं टिपण परत काढतात. त्याआधी तेच प्रश्न घेऊन नवं टिपण लिहून आणायचं असतं. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचायची. आमच्या बाईच्या पहिल्या टिपणात एकूण एक वाक्य 'मी' ने सुरू होत होतं, आणि त्या प्रत्येक 'मी'मागे एक चूक होती. नव्या टिपणात नवरा आला, सासर आलं, माहेरचं 'जरा सांभाळून घे' आलं. 'मी' थोडी मागे सरकली, आणि मधेच एका ओळीत भलतंच काही होतं : लग्नाआधी ती गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. बारा आठवड्यांत हे एकदाही निघालं नव्हतं. समुपदेशकाने विचारलं, अजून येते? "बोटं विसरली असतील," ती म्हणाली.

टीव्ही आता साडेआठला लागतो. कधी मागच्या गल्लीत बुलेटचा आवाज आला तर सातलाच लागतो, आणि मग दोन-तीन दिवस तसंच चालतं. परवा मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने गॅसवर आधण ठेवलं आणि मला विचारलं, आलं घालू का. मी सवयीने म्हटलं, चालेल.

"मला नको," ती म्हणाली, आणि दोन वेगळ्या पातेल्यांत चहा टाकला.